कानावर पडेपर्यंत

९ फेब्रुवारी

आज सकाळी शेजारची मोतीबाई तिच्या मुलाला, स्वराजला, जवळजवळ ओढतच माझ्या ओट्यावर घेऊन आली. तो चोवीस वर्षांचा, लग्नाला दोन महिने झालेले. तरी माझ्याकडे आला की चपला भिंतीशी सरळ लावतो. तिसरीत असताना मी त्याला त्यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"टीचर, ह्याला सांग जरा. रशियाला जातो म्हंतोय."

साजगावच्या कारखान्यात तो कंत्राटावर होता. डिसेंबरात कंत्राट संपलं आणि परत बोलावलं नाही. आता कोणी एजंट भेटलाय. मॉस्कोजवळ गोदाम, मालाची चढउतार, एक वर्षाचा करार. स्वराजचे डोळे असे चमकत होते की मला त्याचा रागच येईना.

"तिकडं लढाई चाललीय ना गं?" मोतीने विचारलं.

मी म्हटलं, ती सरहद्दीवर. देश केवढा मोठा आहे. काश्मीरमध्ये काही झालं म्हणून आपण कर्जतला घाबरून बसतो का?

"आन् माणसं कशी हायत? तुझा बाबा जाऊन आलेला."

मग मला राहवेना. बाबा खोपोलीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मी दहा वर्षांची असताना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी तिकडे गेले होते. घरमालकीण त्यांना रोज बिटाचं गरम सूप द्यायची आणि निघताना रडली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचं इंग्रजी मासिक पोस्टाने घरी यायचं. गुळगुळीत, रंगीत. आम्ही त्याच्या पानांची वह्यांना कव्हरं घालायचो. माझ्या इतिहासाच्या वहीवर गव्हाचं शेत होतं, क्षितिजापर्यंत पिवळंधमक, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या बायका. देव न मानणाऱ्यांच्या देशातलं चित्र म्हणून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथांनी ते कव्हर उलटं घालायला लावलं. मी घरी येऊन पुन्हा सुलटं केलं. ते पान अजून आहे, आतल्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये. मी ते काढून आणलं.

मोतीने बराच वेळ पाहिलं. तिला शेतातलं कळतं. "पीक चांगलं हाय," ती म्हणाली. "बायका बी आपल्यासारख्याच. पन थंडी फार आसंल ना? ह्याला हितल्या थंडीत खोकला व्हतो."

मी म्हटलं, माणसं फार मायाळू आहेत मोती, जाऊ दे त्याला.

ती गेल्यावर चहा घेताना मन उगाच प्रसन्न होतं. किती वर्षांनी कोणीतरी मला त्या देशाबद्दल विचारलं.

१५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मोतीच्या नवऱ्याने, गजाने, स्वराजसाठी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. मडकं उपडं करून वर पेंढा पेटवला. ही बहुधा या हंगामातली शेवटची पोपटी. वाल जून झालेत.

मी स्वराजला बाबांचा लोकरीचा मफलर दिला. करड्या रंगाचा, एका टोकाला कसरीने खाल्लेला. त्याने लगेच गळ्यात गुंडाळला. घामाने निथळला तरी काढेना.

"आरं, तुलाच भाजून काडू का पोपटीत?" गजा म्हणाला. सगळे हसले. हर्षला, नवी सून, पदर तोंडाशी धरून हसली.

"गौरीला ये रं," मोती म्हणाली. "हर्षलाचा पयला ववसा हाय." नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवाळायची, तो ओवसा.

"आये, वर्साचा करार हाय. व्हिडिओ कॉल कर."

"ववसा काय कॉलवर करतात?"

मग चौक गावच्या धोंडीकाकांचा विषय निघाला. पोपटी त्यांच्यासारखी कोणी लावू शकत नसे. गजाचे सख्खे काका, स्वराजच्या हळदीच्या दिवशीच गेले. चौकवाल्यांनी इकडे कोणाला कळू दिलं नाही. आपल्यापुरतं सगळं उरकलं, इथे लग्न लागलं, मांडव उतरला, आणि मग फोन केला.

मी म्हटलं, ही फसवणूकच की. सिस्टर म्हणायच्या, खरं असेल ते लगेच सांगावं, औषध प्यायला देतात तसं.

"फसवनूक कसली?" मोती म्हणाली. "कानावर पडलं त्या घडीपासनं सुतक. पडलंच नाय तर सुतक कसलं? त्यांनी आमचं कार्य सांभाळलं, टीचर."

तिच्या तर्काशी मी तीस वर्षं भांडतेय. एकदाही जिंकलेले नाही.

४ मार्च

स्वराजचा मॉस्कोहून व्हिडिओ. बर्फात उभा राहून ओरडतोय, "आये, बर्फ बग! फ्रीजमधल्यासारखा!" गळ्यात मफलर. मोतीने व्हिडिओ माझ्याकडून पाच वेळा लावून घेतला. तिच्या फोनवरही आला आहे, पण माझ्या फोनवर तिला तो मोठा दिसतो.

२२ मार्च

आज तो व्हिडिओ कॉलवर बोलला. कामाची जागा बदलली म्हणे. कंपनीने जाड हिरवं जॅकेट दिलंय, बूटही भक्कम. मला बरं वाटलं. बाबाही म्हणायचे, ते लोक कामगाराला कपडालत्ता चांगला देतात. केस मात्र अगदी बारीक कापलेत. "नियम हाय टीचर," म्हणाला. दिवसभर खड्डे खणायला लावतात, बांधकामाचं काहीतरी असेल. कोणीतरी मागून हाक मारली आणि त्याने घाईने फोन बंद केला.

मफलर दिसला नाही. धुवायला टाकला असेल.

१२ एप्रिल

हे लिहायला हात धजत नाही.

पुण्याहून माझा भाचा प्रवीण आला होता. त्याला सहज कौतुकाने स्वराजचा व्हिडिओ कॉलवर टिपलेला फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा केला, जॅकेटच्या बाहीवरचं चिन्ह पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, हा गोदामातला ड्रेस नाही. हा सैन्याचा आहे."

मी वाद घातला. मी, जिला त्यांच्या भाषेतली ओ की ठो येत नाही, त्याला सांगत होते की तिकडचे कामगार असेच कपडे घालतात. त्याने मला बातम्या वाचून दाखवल्या. एजंट, नोकरीचं आमिष, तिथे पोचल्यावर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सह्या. मग थोडं शिकवून थेट पुढे.

१३ एप्रिल

सांगितलं त्यांना. लगेच. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे.

मोती त्यांच्या ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. हर्षला आत होती, तिने ऐकलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. गजा मात्र उभाच. तो टेंपो चालवतो, शेती बघतो, आणि कुठल्याही गोष्टीचं मूळ कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"टीचरबाय, पन ही दोगं भांडतात कशापायी?"

मी बाबांचा जुना नकाशा आणला. त्यावर तो सगळा प्रदेश एकाच गुलाबी रंगात आहे, एक देश. लहानपणी मला तो गुलाबी रंग जगातला सगळ्यात सुंदर वाटायचा. गजाला मी सांगितलं की हे मोठं साम्राज्य होतं, ते थकलं, मोडलं, त्याचे पंधरा देश झाले. तेव्हा सगळ्यांनी हद्दी मान्य केल्या होत्या. आता थोरल्याला धाकट्या शेजाऱ्याची जमीन परत आपली वाटते.

"म्हंजे वाटनी झाल्यावर बांध सरकवतोय."

"तसंच."

गजा नकाशावर वाकला. "बांधावरनं आमची बी डोकी फुटलीत, टीचरबाय. येसाजीबरोबर माझी दोन वर्सं कोर्टकचेरी चालली. पन आमी आमचीच डोकी फोडली. परगावचा पोर आनून पुढं उभा नाय केला."

मी नकाशाची घडी घातली. मोती तेवढं म्हणाली, "तू म्हनालीस मायाळू हायत."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

७ मे

अर्ज दिल्लीला गेले. तहसीलमध्ये, पोलिसांत, सगळीकडे मी इंग्रजीत लिहून दिलं आणि संपर्कासाठी माझाच नंबर टाकला. गजा म्हणाला, "तुमचाच टाका, आमाला फोनवर इंग्रजी बोलले तर काय कळनार?" दिल्लीचा अधिकारी सौम्य आवाजाचा आहे. नावं यादीत आहेत, सोडवण्याचे प्रयत्न चालू आहेत, म्हणाला. काहीजण परत आलेही आहेत.

मोती रोज सकाळी भिंतीवरून विचारते, "काय कळलं?" मी म्हणते, "कळेल." मग ती वालाची डाळ किंवा दोन आंबे भिंतीवर ठेवून जाते.

३१ मे

स्वराजचा आवाज आला. फोन जप्त केलेत, कोणाच्या तरी फोनवरून त्याने आईला निरोप पाठवलाय. मोती धावत आली. आम्ही दोघींनी कानाला लावून ऐकला.

"आये, मी बरा हाय. उद्या पुढं नेनार म्हंतात. तू जेवत जा. हर्षलाला म्हनावं रडू नको. आन् टीचरला सांग, त्यांचं शेत बगितलं. तसंच हाय, पार टोकापर्यंत गहू. पन माणूस नाय एक बी."

मागे मोठमोठे आवाज होते. मोतीने विचारलं, "ढगांचा गडगडाट हाय का गं?" मी हो म्हटलं.

ती गेल्यावर मी ती फ्रेम भिंतीवरून काढली. चित्राखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आयुष्यात पहिल्यांदा भिंगातून पाहिलं. त्या ओळीत गावाचं नाव नाही, फक्त प्रांत. तो प्रांत आता दुसऱ्या देशात आहे. नुसता आहे असं नाही, त्याच्याचसाठी हे सगळं चाललंय. मी पन्नास वर्षं ज्या बायकांकडे पाहून हसत आले त्या रशियाच्या नव्हत्याच. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

फ्रेम परत लावली नाही. चित्राची बाजू आत करून कपाटाला टेकवून ठेवली. सिस्टर अगाथांची आठवण झाली.

११ जुलै

लावणी सुरू आहे. मी ओट्यावरून पाहते, मोती आणि हर्षला गुडघाभर चिखलात वाकलेल्या. गजा औत धरतो, पण मधेच थांबून खिशातला फोन बघतो. चिखलाच्या बोटांनी. एकदा त्याने फोन शर्टाला पुसला आणि परत खिशात ठेवला, तेव्हा मी आत निघून आले.

त्या निरोपानंतर काहीच नाही. दिल्लीचे साहेब म्हणतात, तपास चालू आहे.

मोती चिखलातून सरळ होते, लांबूनच हात हलवून विचारते. मी लांबूनच मान हलवते.

१९ जुलै

आज गजाच्या टेंपोतून आम्ही अलिबागला गेलो. दिल्लीहून सांगितलं होतं की आई-वडिलांचे डीएनएचे नमुने हवेत. मला हे चांगलं लक्षण वाटलं. म्हणजे फाईल हलली. ओळख नीट पटली की कागदपत्रं लवकर होतात, हे मी वाटेत दोघांना समजावून सांगितलं. गजाला ते पटलं. पेणच्या पुढे त्याने रेडिओसुद्धा लावला.

तिथल्या मुलीने मोतीला आ करायला सांगितलं आणि कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली. मोती काडीकडे बघत होती.

"बाय, हे कवा घेतात गं?" तिने त्या मुलीला विचारलं.

मुलगी गोंधळली. "ओळख पटवायला, मावशी."

"जित्ता मानूस आपली ओळख आपल्या तोंडानं सांगतो ना?"

मुलगी काडी बाटलीत घालत राहिली. मी मोतीचा हात धरून म्हटलं, अगं, परदेशात सगळं असं शास्त्रोक्त असतं.

परतताना गजाने वडखळला थांबून वडापाव घेतले. मोतीने तिचा तसाच कागदात गुंडाळून मांडीवर ठेवला. दमली असेल. इतका प्रवास तिला सोसत नाही.

३ ऑगस्ट

मोती दोन आठवड्यांत भिंतीशी आली नाही. सकाळी मी मुद्दाम तिथे तुळशीला पाणी घालत रेंगाळते. ती दिसते, कामात असते, मान वर करत नाही. "काय कळलं?" हे दोन शब्द ऐकायची मला इतकी सवय झाली होती, की आता सकाळ सुरूच होत नाही.

तिचा राग आता वर आला असावा. मी ते गव्हाच्या शेताचं चित्र दाखवलं नसतं, सूप आणि रडणारी घरमालकीण यांच्या गोष्टी सांगितल्या नसत्या, तर तिने पोराला सोडलं नसतं. हे तिला कळायला उशीर लागला, एवढंच.

१४ ऑगस्ट

भिसेगावच्या दुकानात हर्षला भेटली. ओवशासाठी सुपं घ्यायला आली होती. पाच नवी सुपं, बुरुडाकडची, ओल्या बांबूचा वास येणारी.

"आयेनी सांगितलंय, सुपं चांगली बगून घे, पयला ववसा हाय," ती म्हणाली. मग हळूच, "टीचर, ते येतील ना हो दिवाळीपर्यंत?"

मी म्हटलं, "प्रयत्न चालू आहेत, बाळ."

"आयेनी माझ्यासाठी हिरवं लुगडं घेतलंय. काठाचं. मी म्हटलं, हे आले की घेऊ. तर ऐकेनाच. म्हनली, यंदाच पायजे."

२३ ऑगस्ट

दुपारी फोन आला. तोच सौम्य आवाज. नमुना जुळला. जूनचा पहिला आठवडा. म्हणजे तो निरोप आल्यानंतर चार-पाच दिवसांत. पार्थिव यायला आणखी दोन-तीन आठवडे लागतील, तिथल्या कागदपत्रांना वेळ लागतो. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कुटुंबाला तुम्ही सांगाल ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.

जूनमध्ये पेरणी चालली होती. आम्ही रोज दिल्लीला फोन करत होतो. जुलैभर मोती मला लांबून हात हलवून विचारत होती.

मी स्वयंपाकघरात उभी राहून भात केला. दोन माणसांचा केला. का, माहीत नाही.

२४ ऑगस्ट

गेले. दारात हर्षला रांगोळीच्या रेषा पुसून पुन्हा काढत होती. मोती आत पिठात हात घालून बसलेली.

"मोती, जरा बाहेर ये. बोलायचंय."

"पीठ भिजवलंय गं. आता नको."

"दोन मिनिटं."

"टीचर," ती मान वर न करता म्हणाली, "माझे हात बरबटल्यात. जा आता."

माझ्याशी ती कधीच अशी बोललेली नाही. परत आले. प्रवीणला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुला सांगावंच लागेल. हा त्यांचा हक्क आहे." बरोबर आहे त्याचं. सिस्टरही हेच म्हणाल्या असत्या.

२५ ऑगस्ट

पुन्हा गेले. मोती मला लांबून पाहून मागच्या दाराने शेताकडे गेली. मी पाहिलं तिला जाताना. भाताला आत्ता काही काम नाही.

माझं तोंडही बघवत नाही तिला.

२६ ऑगस्ट

आज गजाने स्वतःच विचारलं. टेंपोत पाट, आसन, हिरवा कपडा ठेवत होता, गणपती आणायला निघाला होता. चेहरा दाढी करून स्वच्छ.

"टीचरबाय, दिल्लीवाल्यांचं काय?"

मोती दारात होती. हातात ताम्हण. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ. काय होतं त्या नजरेत, मला कळलं नाही. मी तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, "अजून काही नाही, गजाभाऊ."

मोतीने ताम्हण उंबऱ्यावर ठेवलं आणि भिंतीला टेकली.

"बरं," गजा म्हणाला. "बाप्पा आला की बगतो त्याच्याकडं." आणि टेंपो सुरू केला.

मी खोटं बोलले. भित्री आहे मी. दुसरं काही नाही. सांगितलं असतं, तर त्या दारात उद्या गणपती आला नसता, हर्षलाला सुपाला हात लावता आला नसता, हे सगळं मी नंतर, घरी आल्यावर जोडलं, स्वतःची लाज झाकायला.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मी गेले नाही. ताप असल्याचं सांगितलं. आरती भिंतीपलीकडून ऐकली. गजाचा आवाज सगळ्यांच्या वर.

१ सप्टेंबर

मोतीने बोलावणं पाठवलं. हर्षला स्वतः आली, म्हणाली, "आये म्हनली, टीचर आल्याबगर ववसा व्हनार नाय." जावं लागलं.

हिरवं लुगडं, नाकात मोतीची स्वतःची नथ, हातभर चुडा. पोर इतकी सुंदर दिसत होती. सुपांना पिवळ्या दोऱ्याचे वेढे, आत पानं, फळं, विडा, हळदकुंकू. ती एकेक सूप उचलून गौरीसमोर ओवाळत होती आणि मोती शेजारी बसून तिला हळू आवाजात सांगत होती, असं धर, आता पदर घे, आता नाव घे.

हर्षलाने नाव घेतलं. स्वराजचं नाव. बायका हसल्या, एकीने कोपर मारलं.

मग सुपं वाटायची असतात, मोठ्या बायकांना. मला वाटलं, मला कशाला? मी ना सवाष्ण, ना नात्यातली. पण मोतीने तिसरं सूप माझ्याकडे सरकवलं. हर्षलाने ते माझ्या हातात दिलं आणि वाकून पायाला हात लावला.

सगळ्या आशीर्वादासाठी थांबलेल्या. जो द्यायचा असतो तो मला पाठ आहे, सगळ्या मराठी बायकांना असतो. तो माझ्याच्याने म्हणवेना.

"दे की टीचर," मोती म्हणाली. "पोर वाकलीय कवाची."

मी हर्षलाच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बाळ," म्हटलं.

मागे कोणीतरी कुजबुजलं, कॉन्व्हेंटवाली, हिला आपलं कुठं येतंय. मोती म्हणाली, "आला आशीर्वाद. ऊठ, हर्षला. आता फोटो काड. तुझा एकटीचा बी काड, चांगला."

तिने एकटीचे खूप फोटो काढून घेतले. इकडून, तिकडून, सुपासकट. मला नवल वाटलं. मोतीला फोटोंचं कधी एवढं वेड नव्हतं.

२ सप्टेंबर

सकाळी हर्षलाबरोबर पातोळ्या आल्या. हळदीच्या पानात वाफवलेल्या, अजून गरम. मोतीने माझ्यासाठी पाठवलेल्या. मला रडू आलं. तिने मला माफ केलं असं वाटलं, आणि आता मी तिला काय सांगणार आहे, तेही आठवलं.

दुपारनंतर उल्हास नदीवर विसर्जन. पाणी अजून गढूळ आहे. गजा कमरेपर्यंत आत गेला, मूर्ती तीनदा बुडवली, सोडली, आणि नंतर बराच वेळ तिथेच उभा राहिला. लोक त्याला हाका मारत होते.

दिवेलागणीच्या आधी मी ओट्यावर बसले होते. मोती आली. ओल्या लुगड्याने, पायाला नदीची वाळू. पायरीवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी.

"सांग आता," ती म्हणाली.

मी ओट्याच्या कडेशी सरकले.

"गेले बाप्पा. गौर बी गेली. सांग."

"तुला ठाऊक होतं?"

"अलिबागला काडी फिरवली ना गालात. तवापासनं."

"मग मला बोलू का दिलं नाहीस? मी किती वेळा आले, मोती. मला वाटलं, तू माझ्यावर..."

"तू बोलली असतीस तर मला ऐकावं लागलं असतं." तिने पायाची वाळू हाताने झाडली. "पोरीचा पयला ववसा हाय. एकदाच यायचा तिच्या वाट्याला. मी म्हटलं, एवढं व्हऊ दे. मंग ऐकीन."

मी सांगितलं. नमुना जुळला, जूनचा पहिला आठवडा, पार्थिव काही दिवसांत येईल. मराठीत सांगताना शब्द फार थोडे लागले.

मोती रडली नाही. तिने विचारलं, "जूनला तिकडं थंडी आसती का गं?"

"नसते. ऊन असतं तेव्हा. गहू पिवळा व्हायला आलेला असतो."

"म्हंजे थंडी नव्हती."

"नव्हती, मोती."

"मफलर काडूनच घेतला आसंल त्यांनी," ती म्हणाली. "पन थंडी नव्हती." हे तिने आणखी एकदा स्वतःशी म्हटलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याचा आधार घेऊन उठली.

मी म्हटलं, मी येते बरोबर, गजाभाऊंना मी सांगते.

"नको. मी सांगते. तू उद्यापासनं आमच्या घरचं काय खाऊ नको. सुतक हाय." दोन पावलं जाऊन ती वळली. "पातोळ्या खाल्ल्यास का?"

"नाही अजून."

"त्या खा. त्या आदीच्या हायत."

ती गेली. मी आत येऊन ताटावरचं झाकण काढलं. पातोळ्या गार झाल्या होत्या, तरी पान उलगडल्यावर हळदीचा वास आला. एक खाल्ली. भिंतीपलीकडे गजा कोणाशी तरी टेंपोच्या टायरबद्दल बोलत होता, हर्षला भांडी लावत होती, बांगड्या वाजत होत्या. मी ऐकत बसले. गजाचं बोलणं मधेच थांबलं. मग भांडी थांबली.

मग हर्षलाचा आवाज आला.